वेल्सच्या जुन्या घरात हरवलेलं पाणी

त्या घरात शिरताना आधी डोकं आपटतं आणि मग घर दिसतं. दाराची उंची मी नंतर टेपने मोजली. पाच फूट चार इंच. मी पाच फूट सात. कपाळ चोळत आत उभा होतो, तेवढ्यात माझी बायको वसुधा मागून न वाकता आत आली आणि म्हणाली, "बघा, कुणीतरी माझ्या मापाचं घर बांधलंय."

२००६च्या मे महिन्यातली अखेरची बँक हॉलिडे जोडून आम्ही पाच दिवस वेल्सला गेलो होतो. आम्ही राहतो हाउन्सलोला, विमानतळाच्या अलीकडे. मी एका मालवाहतुकीच्या कंपनीत हिशेब बघतो. वीस वर्षांत फिरायला म्हणून स्कॉटलंड झालं, लेस्टरला तर दर दिवाळीला जाणं असायचं, पण शेजारचा वेल्स राहूनच गेला. जाण्याचं निमित्त मुग्धाचं. मुग्धा म्हणजे वसुधाच्या भावाची मुलगी, लेस्टरमध्ये जन्मलेली, त्यामुळे मराठी बोलताना 'तो-ती-ते'चा घोळ घालणारी. तिने ह्यू नावाच्या वेल्श मुलाशी लग्न केलं आहे. ह्यू शाळेत शिकवतो. तिला सातवा महिना लागला होता आणि तिचे आईवडील निवृत्तीनंतर पुण्याला परतलेले, त्यामुळे डोहाळजेवण आत्याने करायचं ठरलं. ते त्या दोघांच्या कार्डिफच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये करावं असं माझं म्हणणं होतं. मुग्धाने फोनवर सांगितलं, "नाही काका, डोंगरातल्या कॉटेजमध्येच. कदाचित नंतर ती आमची नसेल."

हे 'नंतर आमची नसेल' काय प्रकरण आहे ते तिथे गेल्यावर कळलं.

शुक्रवार: डोंगरातलं घर

सेव्हर्न नदीवरच्या पुलाची एक गंमत आहे. वेल्समध्ये जाताना टोल द्यावा लागतो, परत येताना नाही. हा हिशेब मला आवडला. पूल ओलांडला की पाट्या दोन भाषांत सुरू होतात आणि रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'अराफ' लिहिलेलं दिसायला लागतं. वसुधाने तीनदा विचारलं की हे अराफ गाव आहे तरी किती लांब. वळणावर आम्ही जरा जोरात गेलो, समोरून ट्रॅक्टर आला, आणि अराफ म्हणजे 'हळू' हे आम्हाला शब्दकोशाशिवाय समजलं.

घर आहे मध्य वेल्समध्ये, ॲबरिस्टविथच्या समुद्रापासून आत डोंगरात. हिरव्या रंगाच्या एवढ्या छटा मी साताऱ्याकडे श्रावणातच बघितल्या आहेत. फरक एवढाच की इथे त्या हिरव्यावर पांढरे ठिपके असतात आणि ते ठिपके बें बें करतात. घर उताराच्या दिशेने पसरलेलं, लांबट, बुटकं. दगडी भिंती, वर पाटीच्या दगडाचं छप्पर, एका टोकाला धुराडं. भिंतीची जाडी खिडकीत मोजली तर सव्वादोन फूट भरली. आमच्या हाउन्सलोच्या घराच्या तिप्पट.

आत दोनच खोल्या. वरच्या अंगाची खोली चुलीची, तिच्यावर शिडीने चढायचा अर्धा माळा. मधे लाकडी फळ्यांची आडभिंत, आणि पलीकडे खालच्या अंगाची खोली, जिथे कोळसा, जुन्या सायकली आणि बटाट्याची पोती. पाण्याचा नळ अंगणात. संडास परसात, चिडवण नावाच्या रानझुडपांमधून वाट काढत जायचं. ह्यूची मोठी आत्या इथे एकटी राहून नव्वदीत गेली आणि घर त्याच्या नावावर केलं. ह्यू आणि मुग्धा आले की मागे लावलेल्या कॅरव्हॅनमध्ये झोपतात. आमची सोय गावात नाश्त्यासकट खोली देणाऱ्या एका बी-अँड-बीमध्ये केली होती.

रात्री ह्यूने 'काउल' केलं. मेंढीचं मटण, बटाटे, लीक आणि पाणी. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा धष्टपुष्ट थोरला भाऊ. वसुधाने दोन चमचे घेतले आणि मला मराठीत म्हणाली, "रस्सा उत्तम झालाय. फोडणी द्यायची राहिली वाटतं." मग पिशवीतून ठेच्याची बाटली निघाली. ह्यूने लोण्यासारखा ब्रेडवर थापला. नंतर पाच मिनिटं तो अंगणातल्या नळाखाली होता.

परत आल्यावर, डोळे पुसत, त्याने सगळं सांगितलं. हे घर 'लिस्टेड' आहे. म्हणजे जुनं आणि मोलाचं म्हणून सरकारी यादीत घातलेलं. अशा घराची खिडकीसुद्धा मालकाला परवानगीशिवाय बदलता येत नाही. नुसता दर्शनी भाग नाही, आतलं सगळं त्यात येतं. भिंती, जमीन, फळ्यांची ती आडभिंतसुद्धा. ह्यूला गावातल्या शाळेत सप्टेंबरपासून नोकरी मिळत होती. मुग्धा घरून कामं करू शकत होती. अडलं होतं एका न्हाणीघरापाशी.

"खालच्या खोलीत बाथरूम करायची," ह्यू म्हणाला. "त्याचा पाइप बाहेर काढायला शेवटच्या भिंतीला भोक पाडायला हवं. उतार त्याच बाजूला आहे, सेप्टिक टँक तिथेच बसू शकतो. पण ती भिंत नुसत्या दगडमातीची आहे. एक दगड काढला तर दहा येतील. कौन्सिलने एकदा अर्ज फेटाळला."

"दुसऱ्या बाजूने?"

"दुसऱ्या बाजूला डोंगर."

"मग परसातला संडास नीट करून घ्या."

"जानेवारीत, बाळ घेऊन?" मुग्धा म्हणाली. "काका, तुम्ही आधी जाऊन या तिथे. मग बोलू."

मी जाऊन आलो. मग मी तो मुद्दा सोडला.

कौन्सिलच्या वारसा विभागाच्या बाई मंगळवारी शेवटचं बघायला येणार होत्या. त्यांनी नाही म्हटलं तर घर विकायचं. बर्मिंगहॅमचे एक गृहस्थ सुट्टीपुरतं घर म्हणून घ्यायला तयार होते. त्यांना न्हाणीघराची घाई नव्हती. त्या रस्त्याला अशी घरं मी येतानाच पाहिली होती. रंग ताजा, कुंड्या देखण्या, पडदे बंद. "उन्हाळ्यात तीन आठवडे दिवे लागतात," ह्यू म्हणाला. "शाळेत आता एकतीस मुलं उरली आहेत. आमचं बत्तिसावं झालं असतं."

मुग्धाने ठेच्याची बाटली घट्ट बंद केली.

शनिवार: धुलाई

सकाळी ते दोघं बाजार करायला ॲबरिस्टविथला गेले. ओटीसाठी नारळ तिथे मिळेल का, ही वसुधाची काळजी. मिळाला, पण त्याबद्दल पुढे बोलायची वेळच आली नाही.

घरात आम्ही दोघंच. वसुधाने कंबर कसली. "इथे ओटी भरायची? या धुळीत? अहो, निदान धुऊन तरी काढूया."

आपल्याकडे सण म्हटलं की घर धुवायचं असतं. बादल्या ओतायच्या, खराट्याने पाणी लोटायचं, ते मोरीतून नाहीतर उंबऱ्यावरून बाहेर जातं, पंखा लावला की झालं. वीस वर्षं गालिच्यांच्या घरात राहून वसुधाचे हात त्यासाठी शिवशिवत असावेत. तिने चुलीच्या खोलीतलं फाटकं लिनोलियम गुंडाळलं. खाली काळीभोर, गुळगुळीत, गार जमीन. "बघा! चक्क शहाबादी." मी आत येऊन ती ठोठावून बघायला हवी होती. मी बाहेर नळावर बादली भरत होतो.

आठ बादल्या. कपडे धुवायची पावडर टाकून. मी ओतत होतो, ती खराट्याने दाराकडे लोटत होती. पाणी दाराकडे जाईना. लोटलं की जायचं आणि परत यायचं, आणि मग फळ्यांच्या आडभिंतीखालून पलीकडच्या खोलीत पसार व्हायचं. घर उतारावर आहे आणि जमीनही त्याच उताराने आहे, हे तेव्हा लक्षात आलं.

"तिकडे तळं साचलं असेल," मी म्हटलं आणि पलीकडे गेलो. तळं नव्हतं. दगडी फरशीवरून एक ओला पट्टा कोळशाच्या ढिगाखाली गेला होता आणि तिथे संपला होता.

"वाळलं असेल," वसुधा म्हणाली.

"आठ बादल्या? दाराने एकसुद्धा बाहेर गेली नाही. राहिलेलं कुठंय?"

"तुम्ही पाण्याचाही ताळेबंद मांडणार का आता?"

मांडणार होतो. आलेलं आणि गेलेलं जुळलं नाही की मला जेवण जात नाही. पण तेवढ्यात वसुधा "अगंबाई" म्हणाली. तिचा पाय जमिनीत रुतला होता. ती काळी गुळगुळीत जमीन फरशी नव्हतीच. माती, चुना आणि राख चोपून चोपून केलेली, दीडशे-दोनशे वर्षांच्या पावलांनी चकचकीत झालेली जमीन होती ती. आणि आम्ही तिचा चिखल केला होता.

वसुधा मटकन बाकावर बसली. "सारवलेली जमीन आहे हे कळलं असतं तर मी पाण्याचा थेंब तरी टाकला असता का हो? माझ्या आजोळी सगळं सारवलेलंच होतं."

गाडी अंगणात वाजली. ह्यू आत आला, त्याने जमिनीकडे पाहिलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. कपाळ आपटायचंही तो विसरला नव्हता, त्यामुळे एका हाताने कपाळ, एका हाताने चौकट. मग अगदी हळू म्हणाला, "ही जमीनसुद्धा यादीत आहे."

मुग्धाने आधी आत्याकडे पाहिलं, मग चिखलाकडे. "आत्या, तू घराला आंघोळ घातला?" तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही होतं. "मंगळवारी ती बाई येणार आणि हे बघणार."

वसुधाने माफी मागितली, मराठीत आणि इंग्रजीत. ह्यूने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्याचा चेहरा उतरलेलाच होता. मी काय करणार? सांत्वन मला जमत नाही. मी न जुळलेलं पाणी शोधायला बाहेर गेलो.

घराला वळसा घालून खालच्या टोकाला आलो. तिथे कमरेएवढी चिडवण. ही आपल्या खाजकुयलीची चुलत बहीण आहे, हे हाताला लगेच समजलं. भिंतीच्या पायथ्याशी काहीतरी पांढरं हलत होतं. आधी मला वाटलं लोकर. वाकून पाहिलं तर फेस. साबणाचा फेस, दोन दगडांच्या मधून, थबकत थबकत, डोंगरातून झरा यावा तसा बाहेर येत होता.

"ह्यू!" मी ओरडलो. "इकडे ये. तुझ्या भिंतीला भोक आहे!"

रविवार आणि सोमवार

चिडवण कापल्यावर भिंतीच्या तळाशी एक चौकोनी दगडी तोंड दिसलं. वर एक आडवा दगड, दोन्ही बाजूंना एकेक उभा, मधे माती आणि मुळं. रुंदी नऊ इंच, उंची सात. कोणी तरी मुद्दाम, नीट बांधलेलं. आत कोळशाचा ढीग हलवला तर फरशीच्या मधोमध वीतभर रुंदीचा एक उथळ पन्हळ सापडला, भिंतीपर्यंत गेलेला. ह्यूने कुदळ आणली. मी त्याला थांबवलं. काल एका उत्साहाचा परिणाम आम्ही बघितला होता.

हा पन्हळ कशाचा असेल ते मला लगेच कळलं, कारण पाटणच्या डोंगरात मी असंच घर पाहिलं आहे. एकाच छपराखाली वर माणसं, खाली गुरं. गुरांची बाजू उतारावर, म्हणजे गोमूत्र आपोआप बाहेर जातं. ह्यूला सांगितलं तर तो आडभिंतीकडे बघत राहिला. कौन्सिलच्या कागदात ही खालची खोली 'मागाहून जोडलेली साठवणीची खोली' अशी नोंदली होती. "म्हणजे माझी आत्या गोठ्यात बटाटे ठेवायची?"

"गोठा फार चांगली जागा असते," वसुधा म्हणाली. कालच्या माफीनंतर तिचं ते पहिलं वाक्य.

ओल्या जमिनीचं काय करायचं यावर मात्र मतभेद झाले. ह्यूचं म्हणणं, लिनोलियम परत पसरावं आणि मंगळवारी काही बोलू नये. मुग्धा म्हणाली, "मग ती खाली कुजेल. आणि पाण्याची वाट कसा सापडला ते काय सांगणार? फेअरीने सांगितलं?" मी मुग्धाच्या बाजूने होतो. मोरीची गोष्ट सांगायची तर बादल्यांची सांगावीच लागणार. शेवटी ह्यूने लिनोलियम उचलून कॅरव्हॅनमागे टाकलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "हरलो तर खरं सांगून हरू."

डोहाळजेवण सोमवारी झालं, अंगणात, वाऱ्यात. मुग्धाला हिरवी साडी, वर ह्यूचा लोकरी स्वेटर. शेजारच्या शेतावरच्या दोघी बायका आल्या. त्यांनी वेल्श केक आणले, वसुधाने त्यांच्याच बिडाच्या तव्यावर थालीपीठं लावली. त्या तव्याला त्या 'प्लँक' म्हणतात, आणि मधे भोक पाडून तेल सोडण्याची रीत त्यांना फार पटली. पेढा आणि बर्फीच्या वाट्या झाकून ठेवल्या होत्या. मुग्धाने उचलली त्यात पेढा निघाला. शेजारणींना अर्थ सांगितला, पेढा म्हणजे मुलगा. त्यातली थोरली म्हणाली, "आमच्याकडे दोऱ्याला अंगठी बांधून पोटावर धरतात. थांब, बघू." अंगठीने मुलगी सांगितली. दोन्ही देशांची बरोबरी झाली.

मंगळवार: बाई आल्या

बाई माझ्याच वयाच्या, गमबूट घातलेल्या, हातात मोठा टॉर्च. दारात त्या सवयीने वाकल्या. आत येताच जमिनीकडे पाहून थांबल्या. चुलीपासून आडभिंतीपर्यंत जमीन मऊ, डागाळलेली, आणि बाकाजवळ वसुधाच्या टाचेचा खोल खड्डा.

"इथे काय झालं?"

ह्यूने तोंड उघडलं, पण वसुधा पुढे झाली. "मी धुतली," ती म्हणाली. "आमच्याकडे शुभकार्याआधी घर धुतात. मला वाटलं दगड आहे."

"किती पाणी?"

"आठ बादल्या," मी म्हटलं. "प्रत्येकी साधारण दहा लिटर. पावडर दोन मुठी."

बाईंनी डोळे मिटले, उघडले. मग गुडघ्यावर बसून बोटाने जमीन दाबली, ठिकठिकाणी, डॉक्टर पोट दाबतात तशी. आम्ही चौघं भिंतीला टेकून उभे. मुग्धाने ह्यूचा हात धरला होता.

"पंखा लावू नका," त्या अखेर म्हणाल्या. "हीटर लावू नका. दारं उघडी ठेवा, रोज चुलीत थोडा विस्तव करा, सावकाश वाळू द्या. चुना आहे, परत धरेल. भेगा पडल्या तर मला फोन करा, स्वतः काही भरू नका. आणि इथलं लिनोलियम कधी काढलं?"

"शनिवारी."

"ते चाळीस वर्षांपूर्वी काढायला हवं होतं. त्याखाली ती जमीन घुसमटत होती." त्या उठल्या. "पण बाई, पुन्हा नको."

"शपथेवर," वसुधा म्हणाली, आणि गळ्याला हात लावला. बाईंना ती खूण कळली असावी.

मग ह्यूने त्यांना खालच्या खोलीत नेलं. मी पन्हळ दाखवला, उतार सांगितला. दहा फुटांत सुमारे तीन इंच. बाहेर नेऊन दगडी तोंड दाखवलं. त्या कापून उरलेल्या चिडवणीत तशाच बसल्या, टॉर्च आत धरला आणि पोटावर झोपून बराच वेळ बघत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा केसात माती, गालावर चिडवणीचे चट्टे, आणि चेहरा असा की त्यांनाच पेढा मिळाला आहे.

"हा गोठाच," त्या म्हणाल्या. "मागाहून जोडलेला नाही. दोन्ही भाग एकदम बांधलेत, हा दगड पायातच बसवलाय. म्हणजे हे साधं कॉटेज नव्हतं, लाँगहाउस होतं. माणसं आणि गुरं एकत्र. या खोऱ्यात अशी फार राहिली नाहीत. आमच्या कागदात चूक आहे. ती मी दुरुस्त करीन."

ह्यूने विचारलं, "म्हणजे आता आणखी कडक नियम?"

"अर्थात."

मुग्धाने भिंतीवर हात ठेवला, दगड चाचपावा तसा. तिला काय वाटत होतं ते मला दिसत होतं. घर जेवढं मोलाचं ठरेल तेवढं त्यांच्या हातून निसटणार.

बाई पुन्हा वाकल्या आणि त्या दगडी तोंडात आपला हात कोपरापर्यंत घातला. "रुंदी किती म्हणालात?"

"नऊ इंच," मी म्हटलं. "उंची सात."

"चार इंची पाइप सहज जाईल," त्या म्हणाल्या. "पन्हळाच्या बाजूने, एकही दगड न काढता. टब आणि कमोड लाकडी चौथऱ्यावर, फरशीला खिळा नाही. उद्या काढायचं म्हटलं तर सगळं निघालं पाहिजे. तसा नकाशा काढून नवा अर्ज करा." मग हात झटकत उठल्या. "निर्णय मी एकटी देत नाही. कागद फिरतात, आठ आठवडे लागतात. आज मी तुम्हाला काही सांगू शकत नाही."

"हो," ह्यू म्हणाला. "समजलं."

त्या गाडीकडे निघाल्या. दार उघडलं, गमबूट काढून मागे टाकले, साधे बूट घातले. मग मुग्धाकडे वळून विचारलं, "बाळाची तारीख कधीची दिली आहे?"

"ऑगस्टची अठरा."

बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"मग प्लंबरला जुलैच्या शेवटच्या आठवड्याचं सांगून ठेवा," त्या म्हणाल्या. "इथले प्लंबर आयत्या वेळी मिळत नाहीत."

गाडी उताराने खाली गेली. ह्यू फाटकापाशीच उभा राहिला, ती वळणाआड जाईपर्यंत. मग तो घरात आला, या वेळी वाकून, सरळ खालच्या खोलीत गेला, आणि बटाट्याची पोती एकेक करून बाहेर काढायला लागला.